जॉगिंग ट्रॅक

बिल्डरनं ब्रोशरात छापलेला जॉगिंग ट्रॅक सापडेना, तेव्हा गाझियाबादच्या नव्या सोसायटीनं शेजारच्या ग्लायडिंग क्लबची भिंत फोडून धावपट्टीच फिरायला घेतली. प्रशिक्षक दामल्यांनी सात तक्रारी केल्या. प्रत्येकीची पोच मिळाली. मंगळवारी त्यांची विद्यार्थिनी रेवती उतरताना समोर ट्रॅकसूट आले. त्यांना वाचवायला तिनं ग्लायडर खड्ड्यात घातलं आणि पाय मोडून घेतले. चौकशीच्या साहेबांनी चहा संपवून विचारलं, “लडकी ने दोबारा ऊपर जाकर चक्कर क्यों नहीं लगाया?” “साहब, ग्लायडर में इंजन नहीं होता,” दामले म्हणाले. “अच्छा!” साहेबांनी ‘वैमानिकाची चूक’ लिहिलं आणि रेवतीचं लायसन्स रद्द केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दामल्यांनी ग्लायडरचा मोडका पंख भगदाडावर आडवा ठोकला. सोसायटीचे सेक्रेटरी कडाडले, “हम अंदर कैसे आएँगे?” दामले म्हणाले, “दोबारा ऊपर जाकर चक्कर लगाइए.”