उबैदचं बेसूर गाणं

जवळ सरका मायबापहो, अरबस्तानातली एक गोष्ट सांगतो.

खजुरांच्या गावाभोवतीच्या वस्त्या भुयारी कालव्याच्या पाण्यावर जगत. त्यातला गाळ काढायला तरुण झुहैर कालव्यावर खणलेल्या विहिरीतून खाली उतरे. त्याला धीर म्हणून काठावर म्हातारा उबैद गात बसे. “काका, तुमच्या गळ्याला उंटसुद्धा बुजतात!” झुहैर खालून चिडवी.

एकदा बोगद्याचं छत ढासळलं, दिवा विझला. वाळू गुडघ्यापर्यंत चढली. विहीर पुढे की मागे, कळेना. जीव मुठीत धरून झुहैर त्या बेसूर गाण्याच्या रोखाने सरपटू लागला. गाणं थांबलं, की त्याचंही काळीज थांबे. “गा हो काका, थांबू नका!”

दिवस कलेपर्यंत उबैद गायला. झुहैर वर आला, पण काकांचा आवाज कायमचा गेला.

थंड पाण्याचा घोट घेताना उबैदची आठवण ठेवा, बाबांनो.