मुखवट्यामागचं माणूस

सुपरहिरोंच्या कॉमिक्सची सालटी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज सकाळीच त्याने परीक्षणात ठणकावलं होतं, "एका घरात राहून मुखवट्यामागचा नवरा बायकोला ओळखू येत नाही? वाचक काय दूधखुळे आहेत?"

एरवी प्रत्येक परीक्षणाखाली कमेंटमध्ये त्याच्याशी हमरीतुमरीवर येणारा 'खवट खलनायक' मात्र दुपार टळली तरी फिरकला नव्हता. इकडे त्याला काही चैन पडेना. फोन हातात घेऊन हॉल ते स्वयंपाकघर नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. तापाने फणफणलेल्या बायकोला गोळी देतानाही नजर स्क्रीनवरच.

"कुठे मेला हा माणूस?" तो करवादला.



पांघरुणातून आवाज आला, "मेला नाहीये. ताप उतरला की घेते तुझा समाचार."