दुमडलेला कोपरा

आई शाळेत बाई होती, तेव्हा तिनं बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मुलांसाठी पत्ते केले होते. माळ आणि टाळ, पान आणि कान, असे सारख्या आवाजाचे शब्द जोडीनं लावायचे. म्हातारपणी तिला शब्द सापडेनासे झाले आणि लेकीनं तेच पत्ते कपाटातून काढले. आठवडाभर आईला एकही जोडी लागली नाही. आज मात्र तिनं पटापट तीन जोड्या लावल्या. “बघ, उगाच धसका घेतला होतास,” लेक म्हणाली. चौथी जोडी उचलताना आईचा अंगठा थबकला. दोन्ही पत्त्यांचा डावा कोपरा नुकताच दुमडलेला होता. तिनं तो नखानं सरळ केला. “वर्गात ज्याला काहीच यायचं नाही, त्याच्यासाठी मी असे कोपरे दुमडायचे,” ती म्हणाली. “रडू नये म्हणून.” लेकीनं मान खाली घातली. “एवढी ढ झाले का गं मी?” आईनं विचारलं.