न्हाणीत पाय घसरला

"न्हाणीत पाय घसरला, आबा," शेवंता म्हणाली आणि तिनं सुजलेला हात बापापुढं धरला.

हाडवैद्य भानुदासनं त्यावरून अलगद बोटं फिरवली. घसरून पडणारं माणूस हात टेकतं. त्याचं मनगट तरी मोडतं, नाहीतर खांदा तरी निखळतो. हिचं दोन्ही शाबूत होतं. मोडलं होतं ते कोपर आणि मनगटाच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं हाड. डोक्यावर येणारी काठी अडवायला हात वर केला, की नेमकं तेच मोडतं.

चाळीस वर्षांत असे कितीतरी हात त्यानं बांधले होते. सगळ्या बायका न्हाणीतच पडायच्या. तो मुकाट्यानं पट्टी बांधायचा आणि बाईला नवऱ्याबरोबर माघारी धाडायचा.

बाहेर जावई मोटारसायकलवर बसून होता.

भानुदासनं बांबूच्या कामट्या हाताला लावल्या, पण पट्टी उचलली नाही.

"पोरी, खरं सांग. कुणी मारलं?"

लहानपणी बापाशेजारी बसून शेवंताच कामट्या धरायची. आताही तिनं सवयीनं, चांगल्या हातानं, कामटी दाबून धरली.

"बांधा, आबा," ती म्हणाली. "आजवर कुठल्या बाईला विचारलंत?"