अर्धा अध्याय

धोंडाबाई देवळात शिरली ती थेट पुरुषांच्या बाजूला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, हाताला रक्त. सप्त्याला बसलेले लोक अंग चोरून बाजूला झाले.

"मानसिंग, ऊठ," ती लेकाला म्हणाली. "सगुणेला भोरला न्यायचं. पोर आडवं आलंय. बाळाबाईनं हात टेकलं."

तिची सून सगुणा कालपासून अडली होती. गावच्या सुईणीनं, बाळाबाईनं, जमेल ते सगळं करून पाहिलं होतं. आता उरला तो संस्थानचा दवाखाना, आणि तो खिंडीपलीकडं. झोळीतून न्यायचं तर खांदेकरी हवेत, आलटून पालटून. गावातले सगळे गडी इथं मांडी घालून बसलेले.

मानसिंग अर्धा उठला आणि त्यानं चुलत्याकडं पाहिलं.

चुलते सोनबा पाटावर बसून पोथी वाचत होते. धोंडाबाईचे ते थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. सोनबांनी ओळीवरचं बोट काढलं नाही.

"अध्याय लागलाय. मधनं कुनी उठायचं न्हाई. पोराची येळ देवानं ठरवलीया. ती झाली की येईल."

मानसिंग खाली बसला.

धोंडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "कंचा अध्याय चाललाय, भावजी?"

"मगरीनं हत्तीचा पाय धरला, तो."

"मग हत्तीनं हाक मारली तवा देव कुठं हुता?"

भिंतीला टेकलेला म्हातारा कोंडिबा दरसाल ही कथा ऐकत आला होता. तोच बोलला, "निगाला हुता की, गरुडावर. पर गरुड लई सावकाश उडाया लागला. मग देव खाली उतरला आन् पायी पळाला."

"आयकलं? देव गरुडावरनं उतरला. तुमच्यानं पाटावरनं उतरवंना."

"तोंड सांभाळ!" सोनबा कडाडले.

"देवाच्या येळंवर माझा तुमच्याइतकाच इस्वास हाय. येळ झालीया, म्हनून तर त्यानं मला हितं धाडलंय."

ती बाहेर गेली. देवळापुढं निशाणाचा बांबू रोवलेला होता. सप्ता उतरेपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. तिनं तो दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला. निशाण सोडलं, घडी घातली, उंबऱ्यावर ठेवलं. मग बांबू ओढत ती एकटीच घराकडं निघाली.

पहिला उठला कोंडिबा. "खांदा द्यायचं वय न्हाई माझं," तो म्हणाला, "पर टोक धरतो." त्याच्यामागं मानसिंग धावला. मग एकेक करत गडी उठले. सोनबा वाचतच राहिले, पण ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

घोंगड्याची झोळी बांबूला बांधली. भाताच्या बांधांवरून घसरत, सावरत गडी चालले. ओढ्याला छातीभर पाणी होतं. बांबू डोक्यावर धरून त्यांनी ओढा पार केला. खिंडीत सगुणेचं कण्हणं थांबलं, तसे सगळे जागीच थबकले. धोंडाबाईनं घोंगडं बाजूला केलं आणि सुनेच्या गालावर चापट मारली.

"सगुणे, डोळं उघड! निजायला न्हाई आणली तुला."

सगुणेनं डोळे उघडले. "आत्याबाई," ती पुटपुटली.

"व्हय, मीच हाय. चला रे, बघताय काय?"

दिवेलागणीला दवाखान्यात पोर रडलं. मुलगी झाली होती. सगुणा वाचली होती.

धोंडाबाई बाहेर पायरीवर टेकली. पाय सुजले होते. मानसिंग तिच्याजवळ येऊन उभा राहिला. आत जायचं सोडून तो नखानं भिंतीचा चुना खरवडत होता.

"आई, सप्ता मोडला गं. देव रागावला आसंल."

"रागावला आसंल तर येईल माझ्याकडं," धोंडाबाई म्हणाली. "घर ठावं हाय त्याला. तू आत जा, लेक बघ तुजी."