भरलेला टब

खोली साफ करायला आलेली बाई बाथरूमच्या दारातच थबकली. टब काठोकाठ भरलेला. किटली, पेले, बर्फाचं भांडंसुद्धा भरून झाकून ठेवलेलं.

"ताई, इथं पाणी कधी जात नाही," ती हसून म्हणाली. तीही मराठवाड्यातली, कालच ओळख निघाली होती. "मीपण पहिलं वर्षभर असंच भरून ठेवायचे."

मी ओशाळले. खिडकीबाहेर वाळवंट पसरलं होतं आणि खाली हॉटेलची कारंजी उडत होती. सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे मी. काल परिषदेतली भाषणं ऐकून अंग आंबून गेलं होतं, तरी खोलीत शिरताच, चपला काढायच्याही आधी, मी नळ सोडला होता.

आज माझं भाषण होतं: आमच्या शहरातली चोवीस तास पाण्याची योजना. साहेबांनी शेवटी यशाचा पुरावा घालायला लावला होता, 'लोकांनी आता पाणी साठवणं सोडलं आहे.'

मी लॅपटॉप उघडला आणि ते वाक्य पुसून टाकलं.

बाई टबाचं बूच काढायला वाकली.

"असू दे गं," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तरी असू दे."