पुसायचं बटण

“आणि यात पुसायचं बटण कुठंय?” घरच्या बाई, दोन्या एर्मिंदांनी विचारलं.

केबल कंपनीचा देर्लिस टीव्हीची नवी पेटी जोडायला स्टुलावर चढून जुनी वायर ओढत होता. “पुसायचं कशाला, दोन्या? आता घरात रेकॉर्डिंग करायचंच नाही. सगळं कंपनीच साठवून ठेवणार. लाईट जाऊ दे, वादळ येऊ दे, काही म्हणजे काही चुकायचं नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. यापुढे हेच.”

दोन्या एर्मिंदा मटकन खुर्चीत बसल्या. देर्लिसला वाटलं, बाई खूश झाल्या.

त्यांचे यजमान डॉन सेबेरियानो यांना हृदयविकाराचा झटका आला तो टीव्हीसमोर. लोमा या फुटबॉल क्लबनं शेवटच्या क्षणाला गोल मारला आणि डॉन जागच्या जागी कोसळले. अति आनंदानं कोसळले, असं सगळी गल्ली कौतुकानं सांगायची. डॉक्टरांनी मात्र थेट मॅच बघायला साफ बंदी घातली.

मग दोन्यांनी तोडगा काढला. रविवारी जेवण झालं की डॉनना झोपवायचं आणि मॅच रेकॉर्ड करायची. लोमा जिंकला, तर संध्याकाळी ती लावायची. हरला, तर पुसून टाकायची आणि लाईट गेली होती म्हणून सांगायचं. एन्कार्नासिओनसारख्या शहरात लाईट गेली म्हटल्यावर कोण शंका घेणार? पाववाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना ताकीद होती, डॉनसमोर निकालाचं नाव काढायचं नाही. झटक्यानंतर डॉन सेबेरियानोंनी लोमाला एकदाही हरताना पाहिलं नव्हतं.

लोमाचा गोल झाला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. “जीव आहे हो क्लबवर,” दोन्या शेजारणीला सांगायच्या. “आमच्या बाबांनी पारखून जावई केलाय. लोमाचा नसेल त्याला पोरगी देणार नाही म्हणायचे. हा बंदरावर वाढलेला, पण मागणी घालायला आला तो लोमाचा झेंडा खांद्यावर टाकूनच!”

आणि ज्या रविवारी लाईट जायची, त्या रविवारी डॉन फार बोलत नसत.

“पूर्ण मॅच गेली?” ते विचारायचे.

“पूर्ण गेली रे, म्हाताऱ्या.”

“अरेरे.”

एवढं म्हणून ते परसात जायचे आणि अंधार पडेपर्यंत झाडांना पाणी घालत बसायचे. दोन्यांना खिडकीतून त्यांची पाठ दिसायची.

आणि आता ही नवी पेटी.

“जुनी राहू दे की रे,” दोन्यांनी देर्लिसच्या हातात गरम चिपा, चीजचा पाव, कोंबला. “तुला घरी न्यायला पण देते.”

“राहू देतो, दोन्या. वर फुलदाणी ठेवा. चालायची मात्र नाही.”

डॉन सेबेरियानो गार तेरेरे चहाचा पेला घेऊन दारातच उभे होते. “लाव बाबा लाव. ही बाई आडमुठी आहे. जग कुठं चाललंय! मॅच बघायला कुठलं बटण?”

“हे हिरवं, डॉन. दाबलं की थेट मैदानात.”

“वा,” डॉन म्हणाले आणि ते बटण दोनदा दाबून बघितलं.

त्या रविवारी अंतिम सामना होता. तोही पुएर्तोशी, म्हणजे बंदरावरच्या क्लबशी. लोमाचा हाडवैरी. शनिवारी मुलगी नोएलिया धावत आली.

“पपांना मावशीकडे पाठव.”

“पाठवलं असतं गं. पाय दुखतोय म्हणतो.”

“मग पेटीची वायर उपटून टाक.”

“रिमोट उशाखाली घेऊन झोपतो तो! देर्लिसचा फोन नंबरसुद्धा लिहून घेतलाय. बिघाड झाला तर बोलवायला.”

शेवटी मायलेकींनी ठरवलं, जे होईल त्याला तोंड द्यायचं. गोळ्या पदराशी, म्हणजे एप्रनच्या खिशात. पंखा जोरात. पलीकडच्या गल्लीतल्या नर्सला सांगून ठेवलं.

रविवारी डॉन आंघोळ करून, केस चापून, हिरवं बटण दाबून बसले. मायलेकी टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या डॉनचं तोंड बघत होत्या.

लोमानं पहिला गोल मारला. डॉन पांढरेफटक पडले.

“पपा, आपला गोल झाला! आपला!”

“दिसतंय मला,” डॉन पुटपुटले. डोळ्यांत नेहमीसारखं पाणी.

उत्तरार्धात पुएर्तोनं बरोबरी केली. डॉननी खुर्चीचा हात असा आवळला की लाकूड करकरलं. दोन्यांनी गोळी काढली.

“जिभेखाली ठेव, म्हाताऱ्या.”

“गप बस गं!”

अगदी शेवटी पुएर्तोला पेनल्टी मिळाली. दोन्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. नोएलियानं डोळे मिटले. चेंडू जाळ्यात गेला, शिट्टी वाजली, बंदराच्या बाजूला फटाके फुटले.

डॉन सेबेरियानो उठले. हात छातीवर, मान खाली. ते न्हाणीघरात गेले. आतून कडी लागली. मग धो धो नळ सुटला.

“माझी चूक,” दोन्यांना हुंदका आला. “सवय लावायला हवी होती. एखादी हार मधूनमधून दाखवायला हवी होती त्याला.” त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. आतून पाण्याच्या आवाजाआड घुसमटलेले, तुटक तुटक आवाज येत होते. “रडतोय गं! तू नर्सला बोलव, नोएलिया, पळ!”

आत डॉन सेबेरियानो तोंडात टॉवेल कोंबून, ओल्या फरशीवर गोल गोल नाचत होते, आणि दर फेरीला टॉवेल जरासा काढून आरशातल्या माणसाला म्हणत होते, “पुएर्तो रे, माझ्या पुएर्तो!”